चोवीस दारं, एक रंग

गल्लीत त्याला सगळे भडक्या म्हणायचे. धंद्याने रंगारी, भडक रंगांचा शौकीन, आणि स्वतःही चुटकीसरशी भडकणारा, त्यामुळे नाव ठेवणाऱ्याला फार डोकं चालवावं लागलं नसणार. वय छप्पन्न. इतकी वर्षं लोकांची दारं-खिडक्या रंगवून नखांतला रंग आता साबणालाही दाद देत नव्हता. पण यंदा तो जसा भडकला तसा जन्मात भडकला नव्हता. आणि खरं सांगू, त्याच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर काय वेगळं केलं असतं?

गाव जुनं, मोठ्या शहरापासून तासाभरावरचं. नदीकाठी पूर्वी दोरखंडांचा कारखाना होता. त्याच्या कामगारांसाठी बांधलेली ही गल्ली, दोन्ही बाजूंना बारा-बारा दगडी घरं, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी. फरक काय तो दारांच्या रंगांत. हिरवं दार न्हाव्याचं, लाल दार शिंपिणीचं, आणि झगझगीत निळं दार भडक्याचं आणि त्याच्या आईचं.

तो निळा भडक्याने मुद्दाम आईसाठी लावला होता. म्हातारी ब्याऐंशीची. दोन्ही डोळ्यांचे मागचे पडदे गेलेले, डॉक्टरांनी हात टेकलेले. चेहरे दिसत नाहीत, अक्षर दिसत नाही, दिसतात ते फक्त रंगांचे डाग. तरी बाई रोज दहाच्या ठोक्याला एकटी बाहेर पडायची. भिंतीला हात लावत कोपऱ्यावरच्या बेकरीत जायची, तिथून सायकलवाल्याच्या दुकानात टेकायची, कोणाचं लग्न जमलं नि कोणाचं मोडलं याची साग्रसंगीत चौकशी करायची, आणि बाराला पाव घेऊन घरी. निळा डाग आला की वळायचं. झालं! भडक्या म्हणायचा, "आई, मी येतो ना सोबत." की लगेच, "तू तुझ्या भिंती रंगव. मला देवाने पाय दिलेत." त्या दोन तासांवर म्हातारी जगत होती. बाकीचा दिवस नुसता ढकलायचा.

तर या गावात शहरातल्या माणसांना अचानक इतिहास सापडला. त्यांनी एकेक घर विकत घेतलं, काही शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना भाड्याने दिली, आणि एक वारसा समिती काढली. अध्यक्ष म्हणजे दोन वर्षांपूर्वी शहरातून निवृत्त होऊन आलेले एक गृहस्थ, नाकाने कांदे सोलणारे. जे इथे जन्मले, इथेच म्हातारे झाले, त्यांना हे सांगणार गाव कसं जपायचं!

समितीने एक तज्ज्ञबाई आणल्या. बाईंनी शिंपिणीच्या दाराचा कोपरा सुरीने नखाएवढा खरवडला आणि भिंग लावलं. वर लाल, त्याखाली करडा, त्याखाली हिरवा, आणि अगदी तळाशी, लाकडाला चिकटून, एक पिवळट मातकट थर. आणखी दोन-तीन दारं खरवडली तर तिथेही तेच. बाईंचा चेहरा खुलला. हाच गल्लीचा मूळ रंग! अहवाल छापला, ठराव झाला, त्यावर पालिकेचा शिक्काही बसला. चोवीसही दारं त्याच रंगाची करायची, बाहेरच्या कुंड्या, दोऱ्या, पाट्या सगळं काढायचं.

सभेत त्या रंगाची पट्टी हातोहात फिरली. ती भडक्याच्या हातात आली आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण तो रंग त्याचा स्वतःचा होता!

एकोणीस वर्षांचा होता तेव्हा ज्यांच्या हाताखाली धंदा शिकला त्या उस्तादांबरोबर त्याने ही अख्खी गल्ली केली होती. जुने थर दिव्याच्या ज्योतीने जाळून, पत्र्याने खरवडून, दारांचं लाकूड पार उघडं केलं होतं. नेमका बाजारात रंगाचा तुटवडा. उस्ताद म्हणाले, सगळ्या डब्यांचे तळ ओत एका बादलीत. पिवळा, तपकिरी, पांढरा, कुठला तरी हिरवा, सगळं एकत्र झालं. ते या पठ्ठ्याने काठीने ढवळलं आणि चोवीस दारांना अस्तर म्हणून फासलं. वरून ज्याच्या त्याच्या आवडीचा रंग चढणारच होता. खालचं कोण बघतंय?

"अहो, हे मी ढवळलंय!" भडक्या उभा राहून ओरडला. "बादलीत! काठीने! हा मूळ रंग नव्हे, हे खरकटं आहे!"

"काही लेखी पुरावा आहे का?" अध्यक्षांनी विचारलं.

"बादलीचा पुरावा कोण ठेवतो हो?"

"तुमच्या आठवणींचा आम्हाला आदर आहे," तज्ज्ञबाई गोड हसून म्हणाल्या, "पण अहवाल आता छापून झालाय."

भडक्याने दात-ओठ खात आवाज खाली आणला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने कोणापुढे हात जोडले. "बरं, रंगवा. पण आमचं एक दार सोडा. माझ्या आईला दिसत नाही. निळ्यावरून ती घर ओळखते."

"एकाला सूट दिली की उद्या सगळे मागतील," अध्यक्ष म्हणाले. "आणि या वयात आईंना एकटं सोडणंही बरं नव्हे, नाही का?"

त्या 'नाही का'वर भडक्याने काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याला दोघांनी धरून बाहेर काढलं. गल्लीतले बाकीचे? तोंडाला कुलूप लावून बसले.

काम त्यालाच देऊ केलं होतं. त्याने ते धुडकावलं, तर समितीने शहरातून माणसं आणली. बाकीची दारं झाल्यावर एके सकाळी भडक्या शहरात एका शाळेच्या कामावर गेलेला आणि आई नेहमीप्रमाणे दहाला बाहेर पडलेली. तेवढ्यात निळ्यावर तो चिखलासारखा रंग फासून मंडळी मोकळी.

बाराला म्हातारी परतली. निळा डाग येईना. थोडी पुढे गेली, मागे आली. मग शहाणी बाई कोपऱ्यापासून दारं मोजायला लागली. चार, पाच, सहा... आणि न्हाव्याने हाक मारली, "काय मावशी, आज उशीर?" हाक आली की ओ द्यायची तिची जन्माची खोड. ओ दिली आणि आकडा सुटला. मग अंदाजाने एक दार ढकललं, ते उघडलं. ती आत गेली, पावाची पिशवी ठेवली, चपला काढल्या आणि खुर्चीत टेकली.

ते घर पाहुण्यांचं होतं. आतून एक जोडपं बाहेर आलं. बाई किंचाळली. पुरुषाने म्हातारीचा दंड धरून तिला फरफटत रस्त्यावर आणलं. "चोर! भरदिवसा घरात घुसते!" म्हणून त्याने गल्ली गोळा केली, वर मोबाइलवर तिचे फोटो काढले. आणि आई अनवाणी, हात जोडून, कोण कुठे उभं आहे ते न दिसता सगळ्या दिशांना वळून म्हणत होती, "चुकलं हो माझं. मला माझंच घर वाटलं. चुकलं."

शिंपिणीने तिला घरी नेलं. संध्याकाळी भडक्याला सगळं तिनेच रडत रडत सांगितलं. भडक्या ऐकून ओरडला नाही, त्याने काही फोडलं नाही. आईजवळ जाऊन बसला. 

सकाळी उजाडताच त्याने निळ्याचा डबा फोडला. पॉलिश पेपरने दार असं घासलं की गल्ली जागी झाली. अध्यक्ष नोटीस घेऊन धावत आले. "दंड होईल! कायदेशीर कारवाई होईल!"

"करा की! फासावर चढवा!" भडक्या गरजला. "माझ्या आईला चोर ठरवलंत तुम्ही! माझ्याच बादलीतल्या घाणीने! आणखी एक पाऊल पुढे याल तर हा ब्रश तुमच्या शर्टावरून फिरवीन, मग छापा त्याचाही अहवाल!"

अध्यक्ष चार पावलं मागे सरकले. या वेळी न्हावी बाहेर आला, शिंपीण आली, आणि दोघंही भडक्याच्या बाजूने उभी राहिली. दिवसभरात रंगाचे दोन थर चढले. दुसऱ्या दिवशी दार असं लखलखत होतं की गल्लीच्या तोंडापासून नजरेत भरावं.

दहा वाजले. "आई," त्याने आत हाक मारली, "झालं दार. निळं, अगदी होतं तसं. चल, ऊठ."

"छान झालं असेल," आई खुर्चीतून म्हणाली. "पाव तूच आण येताना."

"एकटी नको वाटत असेल तर मी येतो ना. हात धरून नेतो."

त्याला वाटलं, आता खेकसेल. मनातून तो त्या खेकसण्याची वाटच बघत होता.

"नको रे," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर झालं ते. आता मी बाहेर जायची नाही. दाराला तुला हवा तो रंग दे बाबा, मला आतून सगळे सारखेच."