आबांची कोरियन पाटी

लॉजवाले आबा गेल्या उन्हाळ्यात वारले. जळगाव स्टेशनाजवळच्या त्यांच्या लॉजवर अजिंठा पाहायला आलेले परदेशी पाहुणे उतरत. बातमीदारीच्या सुरुवातीच्या काळात मी तिथेच वरच्या खोलीत भाड्याने राहत होतो.

पाहुणा रिक्षातून उतरून काउंटरपर्यंत येईतो आबा त्याचा देश सांगत. पासपोर्ट नंतर. "बूट जोडीने ठेवले, जपान. आधी बाथरूम पाहिली, जर्मनी. चहा परत पाठवला, इंग्लंड." एकदा बूट जोडीने ठेवणारा ब्राझीलचा निघाला. आबा म्हणाले, "बायको जपानी असेल."

त्यांच्या पत्नी, अक्का, मागे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, म्हणजे कळण्याच्या, पुऱ्या लाटत असत. त्या आतून विचारत, "आन आपला लोके कशा ऱ्हातस, ते बी सांगा ना!"

"आपलं काय सांगायचं? आपण घरचे," असं आबांचं ठरलेलं उत्तर.

अजिंठ्याला निघालेल्या प्रत्येक पाहुण्याला अक्का शिदोरी बांधून देत. दोन पुऱ्या, ठेचा, यावलची केळी. पाहुणा नको म्हणाला तरी शिदोरी त्याच्या पिशवीत जाई.

काउंटरमागे एक पत्र्याची पाटी होती, कोरियन अक्षरांतली. एका कोरियन मुलाने खोलीत गादीवर छोटी शेगडी ठेवून शेवया शिजवल्या आणि चादर जळाली. पुढच्या कोरियन पाहुण्याकडून आबांनी 'खोलीत स्वयंपाक करू नये' असं लिहून घेतलं आणि पाटी रंगवली. मराठीत नाही, इंग्रजीतही नाही. "बाकीच्यांना सांगावं लागत नाही," ते म्हणत.

अक्कांना ती पाटी पटली नव्हती. "एक पोऱ्यानी चादर जाळी, तुम्ही बठ्ठा देशले धरी बसनात!"

मुलाने दोघांना युरोपच्या बस सहलीला पाठवलं, तेव्हा आबांना एकच काळजी होती. तिथल्या काउंटरवरही कोणीतरी बसलेलं असणार. बसमध्ये भुसावळ-धुळ्याकडचीच मंडळी होती. आबा सीटवरून उठून सगळ्यांना बजावत, "हळू बोला. रांग सोडू नका. आपल्यावरून देश ओळखतात." मंडळींनी त्यांचं नाव हेडमास्तर ठेवलं.

डोंगरातल्या एका हॉटेलात सकाळचा नाश्ता मांडलेला होता. अक्कांनी बसच्या ड्रायव्हरसाठी दोन पाव आणि एक केळं रुमालात बांधलं. तो दिवसभर घाटात गाडी चालवणार होता. हॉटेलची बाई जवळ आली. तिने भिंतीकडे बोट केलं. तिथे पाटी होती: नाश्ते की चीज़ें बाहर न ले जाएँ. फक्त हिंदीत.

आबांनी ती वाचली. रुमालाची गाठ स्वतः सोडली आणि पाव नि केळं ताटात परत ठेवलं.

त्या दिवशी बसमध्ये मोठमोठ्याने अंताक्षरी झाली. आबांनी कोणालाही गप्प केलं नाही. हे मला अक्कांनी सांगितलं. आबा एवढंच म्हणाले, "पाटीवर काय लिहिलंय ते नंतर वाचलं. कोणासाठी लिहिलंय ते आधी कळलं."

जळगावला परतल्यावर बॅगा दारातच होत्या. आबांनी स्क्रू ड्रायव्हर मागितला आणि कोरियन पाटी काढली. चार दिवसांनी मागच्या ओट्यावर गॅसची शेगडी आली. ज्याला शिजवायचं असेल त्याने तिथे शिजवावं, असं ते प्रत्येकाला सांगू लागले.

देश ओळखण्याची सवय मात्र गेली नाही. पाहुणा दिसला की "जर्मनी" म्हणत. मग पुढे म्हणत, "फक्त हा एक."

लॉज आता मुलगा पाहतो. भिंतीला नवा रंग दिला आहे. मागच्या आठवड्यात मी गेलो, तेव्हा एक कोरियन जोडपं ओट्यावर शेवया शिजवत होतं. अक्कांनी त्यांच्या पातेल्याशेजारी वाटीभर वांग्याचं भरीत ठेवलं आणि शेगडीची आच कमी केली.