लग्नात वाचलेला इतिहास

केंब्रिजच्या सुलक्षणाबाईंना कुणी म्हटलं की तुमचं चुकतंय, तर त्या आधी चष्मा पुसत. मग समोरच्याची धडगत नसे. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तीस वर्षं रक्त तपासलेली बाई ती, पुराव्याशिवाय नवऱ्यावरही विश्वास ठेवायची नाही!

रिटायर झाल्यावर त्या एका छोट्या म्युझियममध्ये व्हॉलंटियर झाल्या. २००६च्या मे महिन्यात, प्रदर्शन उघडायच्या आधीच्या सोमवारी, तिथेच त्यांचं डोकं फिरलं. आसामच्या आहोम लोकांच्या पोथीचं एक पान, झाडाच्या सालीवर लिहिलेलं, काचेखाली मांडलं होतं. शेजारी पाटी होती: लग्नात म्हणायचं स्तोत्र.

स्तोत्र कसलं, डोंबलाचं! हीच चूक बाईंनी स्वतः केली होती. १९६८ साली त्यांचे यजमान डॉ. दीनानाथ आसामात दिहिंग नदीकाठच्या चहामळ्यावर डॉक्टर होते. शेजारच्या गोगोई या आहोम कुटुंबातल्या मुलीचं लग्न होतं. एक म्हातारबुवा पोथी उघडून ठेक्यात वाचू लागले. बाईंना वाटलं, या मंगलाष्टका. म्हातारबुवा श्वास घ्यायला थांबले की बाई अक्षता टाकत. चौथ्या वेळी म्हाताऱ्याच्या चष्म्यावर तांदूळ बसले आणि अख्खा मांडव हसून लोळला.

म्हातारबुवांनी त्यांना शेजारी बसवून घेतलं. ही बुरंजी, म्हणजे आमचा इतिहास, ते म्हणाले. सातशे वर्षांपूर्वी सुकाफा राजा पातकाई डोंगर ओलांडून आला आणि नदीकाठानं जागा शोधत फिरला. आधी नामरूप, मग तिपाम, मग हाबुंग. आमच्या ताई भाषेत नाम म्हणजे पाणी, म्हणून नामरूपच्या नावातच पाणी आहे. हाबुंगला तर त्याला पुरानं हुसकावलं. आपण कुठून आलो ते नवरानवरीनं ऐकायलाच हवं. लाजेनं मेल्याहून मेल्यासारख्या झालेल्या बाईंनी ते सगळं तिथेच पाठ केलं.

आता पाटी तशीच राहिली, तर शाळांची पोरं येऊन हीच चूक घरी नेणार. एका अख्ख्या समाजाचा इतिहास स्तोत्र होऊन बसणार. बाईंच्या जिवाला ते लागलं.

प्रदर्शनाचं काम म्युझियमच्या क्षितिजकडे होतं. तो इथेच जन्मलेला, मराठी बोलायचा पण अडखळत.

“काकू, कॅटलॉगमध्ये प्रेयर लिहिला आहे. तुमच्या मेमरीवर मी पाटी नाही बदलू शकत.”

“माझ्या शब्दावर बदलूच नकोस,” बाई म्हणाल्या. “टेस्ट कर.”

लॅबमध्ये करत तसंच त्यांनी केलं. पाटीवर लग्न होतं, म्हणजे पान म्हातारबुवांनी वाचलं तेच, असं धरून त्यावर काय असेल ते कागदावर लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि क्षितिजच्या कपाटात ठेवायला लावलं. त्यानं पानाचा फोटो आसाममधल्या एका पोथी वाचणाऱ्या पंडितांना ईमेलनं पाठवला. बाईंचं काय म्हणणं आहे ते कळवायचं नाही, असं ठरलं.

मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी बाईंनी आमटी दोनदा करपवली. पोथीतलं भलतंच पान निघालं तर काय, असं दीनानाथांनी हळूच विचारलं. तर चारचौघांत माफी मागेन, बाई म्हणाल्या.

शुक्रवारी दुपारी उत्तर आलं. क्षितिजनं सगळ्यांसमोर ते वाचलं, मग पाकीट फोडलं. दोन्हीकडे नामरूप, तिपाम, हाबुंग, त्याच क्रमानं. दोन्हीकडे शेवटी पूर. क्षितिजनं कागद दोनदा पाहिले, काच उघडली आणि पाटी काढून बाईंच्या हातात दिली.

शनिवारी नव्या पाटीसमोर शाळेची रांग लागली होती. पहिली ओळ होती: हा आहोम लोकांचा इतिहास आहे. बाईंनी रांगेत उभं राहून ती वाचली, मागे जाऊन पुन्हा रांग लावली आणि पुन्हा वाचली.

“अहो, फोटो काढा,” त्या दीनानाथांना म्हणाल्या. “पाटीचा. आणि शेजारी माझा. जिंकलेय मी आज.”