ओठ हलले म्हणून

वर्गातल्या मोठ्या पडद्यावर माझं घर दिसत होतं.

आमची टिटवाळ्याची एकच खोली. मागे बाबांची खाट. दोरीवर आईचा परकर. खाटेखाली बाबांचं लघवीचं भांडं. अख्खा वर्ग ते बघत होता. मधोमध माझा चेहरा, त्याभोवती लाल चौकट.

मॅडमनी व्हिडिओ थांबवला. म्हणाल्या, "घरून परीक्षा म्हणजे कोणाला कळणार नाही असं वाटतं काहींना. बघून घ्या."

मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेज ठाण्यात, वर्तकनगरच्या बाजूला. त्या वर्षी कॉलेजने अंतर्गत परीक्षा मोबाईलवर घ्यायला सुरुवात केलेली. मोबाईल समोर उभा करायचा, कॅमेरा चालू ठेवायचा. एक सॉफ्टवेअर आपल्या तोंडाकडे बघत बसणार. कोणाची नजर फिरते, कोण उठतं, कोणाचे ओठ हलतात.

माझे ओठ हललेले.

"कोणाशी बोलत होतीस?"

"कोणाशीच नाही मॅडम. प्रश्न वाचत होते."

"वाचताना कोण बोलतं?"

वर्ग हसला.

मी बोलते. मराठी शाळेतली मी. इंग्रजी प्रश्न आला की आधी तो पुटपुटते, मग मनातल्या मनात त्याचं मराठी करते, तेही पुटपुटतच. तेव्हा कुठे डोक्यात शिरतो. पहिलीपासून अशीच वाचत आलेय. ती चोरी असते हे त्या दिवशी कळलं.

व्हिडिओ पुढे सरकला. पडद्यावर मी मागे वळले. परत वळले. मग उठले आणि दिसेनाशी झाले.

"आणि हे काय?"

लकव्यानंतर बाबांना नीट गिळता येत नाही, बोलणंही गेलंय. ऐन परीक्षेत त्यांना ठसका लागलेला. कफ अडकला, घरघर सुरू झाली. आई खोपटच्या एसटी डेपोत साफसफाईच्या कामावर. घरात मी एकटी. मी उठले, त्यांना कुशीवर केलं, तोंड साफ केलं, श्वास नीट सुरू झाल्यावर परत येऊन बसले. पडद्यावर त्यातलं काहीच नव्हतं. मॅडमनी आवाज बंद ठेवलेला. नुसती उठून जाणारी मी.

कॉलेजातून काढलं तर? आमच्या घरात इथवर शिकलेली मीच पहिली. कसंबसं म्हटलं, "बाबांना ठसका लागलेला मॅडम. ते आजारी असतात."

मॅडमनी माझ्याकडे बघितलंही नाही. "तुमच्यासारख्यांच्या घरी रोज काहीतरी असतंच. मशीनचं कोणाशी वैर नसतं. मशीन खोटं बोलत नाही."

मग केबिनमध्ये बोलावलं. माफीपत्र टाइप करून तयार होतं. मी गैरप्रकार केला, मला माफ करा. सही केली तर फक्त पेपर रद्द. नाही केली तर प्रकरण चौकशी समितीकडे, आणि तिथून मुली परत येत नाहीत, असं मॅडम शांतपणे म्हणाल्या. विचार करायला उद्यापर्यंतचा वेळ दिला.

संध्याकाळी आईला सांगितलं. ती माझ्यापेक्षा जास्त घाबरली. "कर सही. मोठ्या लोकांशी आपलं काय चालतंय? शिक्षण तेवढं पुरं होऊ दे." बाबा खाटेवरून ऐकत होते.

जेवणानंतर मी पुस्तक घेऊन बसले. एक अक्षर कळत नव्हतं. मागून काही आवाज नव्हता. सहज वळून बघितलं तर बाबांनी चादरीचा बोळा तोंडावर दाबून धरलेला. डोळे बाहेर आलेले. ओठ काळेनिळे. ते खोकला दाबत होते. पोरगी अभ्यासाला बसलीय म्हणून.

धावत जाऊन बोळा काढला, त्यांना कुशीवर केलं. किती तरी वेळ श्वास येईना. श्वास आल्यावरही मी त्यांची पाठ थोपटत राहिले. बाबा गेले असते. त्या कॅमेऱ्याच्या भीतीने, आवाज न करता गेले असते.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये उभी राहिले.

"मी सही करणार नाही."

"परिणाम माहीत आहेत ना?"

"माहीत आहेत. मला भीती वाटतेय मॅडम. तरी नाही करणार. व्हिडिओ वर्गासमोर लावलात, आता आवाज चालू करून वर्गासमोरच लावा. आणि पेशंट गुदमरत असताना बसून राहायचं, हे कुठल्या तासाला शिकवलंत तेवढं सांगा."

"आवाज खाली कर."

मी आवाज चढवलाच नव्हता.

माझा निकाल अडकवून ठेवला. समितीने बोलावलं, परत बोलावलं. मैत्रिणी शेजारी बसेनाशा झाल्या. पोस्टमन दिसला की काढून टाकल्याचं पत्र आलं असंच वाटायचं. अखेर एका दुपारी रिकाम्या वर्गात बसवून कागदावर पेपर घेतला. मी पास झाले. माफी कोणी मागितली नाही. आवाजासकट व्हिडिओ कोणी लावला नाही. तो अजून त्यांच्याकडेच आहे.

आता पुढच्या परीक्षेची नोटीस लागलीय. तेच सॉफ्टवेअर. भीती गेलेली नाही, जाईल असं वाटतही नाही.

पण मी लेखी देऊन आलेय. माझ्या घरात कॅमेरा चालू होणार नाही. परीक्षा मी कॉलेजात येऊन देईन, माणसांसमोर. बसू दिलं नाही तर तिथेच दारात बसेन. काढून टाकलं तर बाहेरून भांडेन. आणि भीत भीतच भांडेन.