अक्कांचा कादंबरी-सप्ताह

अक्का आणि मी दर गुरुवारी एकाच ऑटोनं फ्रीगंजला जायचो. मी दत्ताच्या देवळाशी उतरायची, त्या पुढे मराठी मंडळाच्या लायब्ररीत. परतताना माझ्या हातात प्रसादाचा द्रोण आणि त्यांच्या पिशवीत दोन प्रेमकथा.

"तुझे महाराज काय म्हणाले?" त्या विचारायच्या.

"शांत राहा म्हणाले. तुमचा हिरो काय म्हणाला?"

"त्याला अजून तोंड फुटलेलं नाही. अर्धं पुस्तक झालं, मेला नुसता खिडकीशी उभा आहे."

अक्का आमच्या शेजारच्या. सत्तरी ओलांडलेली, पण पाठ ताठ. त्यांच्या सासरचे पूर्वज कुणा सरदाराच्या पदरी कारकून म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. अक्का भाजीवाल्याशी इथल्या मालवी बोलीत भांडतात, मुलाशी मराठीत, आणि फार रागावल्या की दोघांशीही हिंदीत. वाचायचं मात्र मराठीत, आणि तेही फक्त प्रेमकथा. मला वाटायचं, प्रेमकथा काय, इथूनतिथून सगळ्या सारख्याच. एकदा तसं बोलून गेले, तर त्यांनी मला चांगलंच सुनावलं.

"तुझ्या देवघरातले सगळे देव सारखेच का? मग गणपतीला तुळस का वाहत नाहीस?"

त्यांनी मग समजावून सांगितलं. एक घोड्यांची, म्हणजे जुन्या काळातली, तलवारी आणि पैठण्यांवाली. एक दवाखान्याची, त्यात डॉक्टर आणि नर्स. भुतांची थंड हवेच्या ठिकाणी, बंद बंगल्यात घडते. भांडणाचीत दोघं पहिल्या पानापासून एकमेकांचं तोंड बघायला तयार नसतात. खुनाचीत इन्स्पेक्टरच प्रेमात पडतो. पत्रांचीत दोघं भेटतच नाहीत, नुसती लिहीत बसतात. आणि शेवटची रडकी.

रडकी मात्र अक्कांनी जन्मात वाचली नव्हती. त्याचं कारण त्यांचे यजमान. शरच्चंद्रराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. ड्यूटी संपली की लायब्ररीवरून घरी यायचे आणि बायकोसाठी पुस्तक आणायचे. स्वतः वर्तमानपत्रापलीकडे काही वाचायचे नाहीत, पुस्तक निवडायचे ते वरचं चित्र बघून. घोडा दिसला की आणायचे, बंगला दिसला की आणायचे. बाई रडताना दिसली की जिथल्या तिथे परत. "घरात रडकं काही आणायचं नाही, एवढीच त्यांना पुस्तकांतली अक्कल," असं अक्का हसून सांगायच्या. ते गेल्यावर अक्का स्वतः लायब्ररीत जाऊ लागल्या, पण त्या कप्प्याकडे त्यांचा हात कधी गेला नाही.

आता त्यांच्या डोळ्यांचं सांगायला हवं. डावा डोळा काचबिंदूनं नेला. कळलं तेव्हा उशीर झाला होता. उजव्यात मोतीबिंदू पिकला. अक्षरं पुसट झाली, मग ओळी एकीत एक मिसळायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, जास्त थांबलात तर अवघड होईल. अक्का तयार होईनात.

"एकच उरलाय गं. तोही कापायला देऊ? आता निदान उजेड दिसतो, माणूस ओळखू येतं. बिघडलं म्हणजे?"

दोनदा तारीख घेतली, दोनदा चुकवली. एकदा अमावास्या आडवी आली, एकदा सर्दी. अमावास्येचं मी समजू शकते, पण अक्का तिथी कधीपासून बघायला लागल्या? त्यांच्या मुलानं, निखिलनं, तिसऱ्यांदा तारीख घेतली ती पुढच्या सोमवारची. आणि संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसला. "काकू, तुम्हीच सांगा. माझं ऐकतच नाही. जास्त बोललो की हिंदी सुरू होते."

मी गेले. अक्का पलंगावर बसून डाव्या डोळ्यावर हात ठेवून उजव्यानं भिंतीवरचं कॅलेंडर बघत होत्या.

"उद्यापासून त्या सोमवारपर्यंत सात दिवस आहेत," त्या म्हणाल्या. "रोज एका जातीची एक. शेवटचं वाचून घेते. मग बघू."

"बघू म्हणजे येणार ना?" निखिलनं दारातून विचारलं.

"बघू म्हणजे बघू."

त्यांच्या तोंडचा 'शेवटचं' हा शब्द मला आवडला नाही. पण नाही म्हणायचंही धैर्य झालं नाही.

प्रश्न होता, वाचणार कोण? निखिलनं मोबाईलवर ऐकायची सोय करून दिली होती. अक्कांनी पाच मिनिटं ऐकलं आणि मोबाईल उशीखाली सारला. "ही बाई 'यात्रीगण कृपया ध्यान दें'च्या चालीत प्रेम करते." सून अपर्णा बँकेतून यायची ती दमून. म्हणजे राहिले मी. मी कादंबरी अशी कधी वाचलेलीच नव्हती. रोज सकाळी पोथीचा अध्याय आणि रात्री रोजनिशीत चार ओळी, एवढाच माझा अक्षरांशी संबंध.

दुसऱ्याच दिवशी, म्हणजे या सोमवारी, देवदर्शन आणि स्वयंपाक आटोपून गेले. निखिलनं लायब्ररीतून सातही जातींची पुस्तकं आणून ठेवली होती. अक्का पुस्तकांना भेरूगढच्या छापाच्या कापडाचं आवरण घालतात, लाल जमिनीवर काळी वेलबुट्टी. माझ्या पोथीलाही त्याच कापडाचं आहे, त्यांनीच शिवून दिलेलं. म्हणून असेल, मी हातपाय धुतले, चटई घातली, पुस्तक चौरंगावर ठेवलं आणि नकळत हात जोडले.

"कुंकू लावू नकोस हं," अक्का म्हणाल्या. "लायब्ररीचं आहे."

पहिलं घोड्यांचं होतं. "भेट वाच, भांडण वाच, शेवट वाच. मधलं मला पाठ आहे," अक्कांनी सांगितलं. मी सुरू केलं. जरा वेळानं बघते तर अक्का तोंडाला पदर लावून हलताहेत. मला वाटलं, रडताहेत.

"अगं उषा, तो तिला घोड्यावर घेऊन पळतोय, आणि तू ओव्या म्हणतेयस!"

काय करू? मोठ्यानं वाचायचं म्हटलं की माझ्या गळ्याला दुसरी चालच नाही. सरळ वाचायला जावं तर दोन ओळींत परत हेल यायचाच. शेवटी अक्का म्हणाल्या, "राहू दे, तसंच वाच. घोडा जरा सावकाश जाईल, एवढंच."

दवाखान्याचीत माझी खरी परीक्षा झाली. डॉक्टर आणि नर्स औषधांच्या खोलीत एकटेच, आणि पुढे जे काही लिहिलं होतं ते मी मनातल्या मनात वाचलं, तेही अर्धंच, आणि पान उलटलं.

"गाळलंस."

"नाही हो."

"पान फार लवकर उलटलं. डॉक्टरांना मी चांगली ओळखते. एवढ्यात आटपणाऱ्यांतले नाहीत ते."

मी पान मागे घेतलं आणि नजर वर न करता वाचलं, हेल काढून. त्या हेलामुळे ते फारच वाईट वाटलं. स्वयंपाकघरातून अपर्णा ओरडली, "काकू, कुठला अध्याय चाललाय?"

बुधवारी भुतांची. ती दुपारीच वाचायची, दिवेलागणीनंतर भुताचं नाव नको, ही अट माझी. नायक बंगल्याच्या मागच्या विहिरीत पडला आणि तेवढ्यात आमच्या घरून कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या. अक्का म्हणाल्या, "जा, उद्या काढू त्याला बाहेर."

"असं कसं? संकटावर पोथी ठेवायची नाही. मरणावर तर नाहीच नाही. माणूस सुखरूप झाला की मग थांबायचं."

"ही पोथी आहे का?"

"वाचणारी मी आहे ना?"

त्याला वर काढायला लेखकानं फार पानं घेतली. मी घरी पोचले तेव्हा डाळ तळाला लागली होती. आमचे हे रात्री मुकाट्यानं जेवले आणि म्हणाले, "कोण पडलं होतं विहिरीत?" निखिलनं सांगितलं असणार.

गुरुवारी माझा उपास. साबुदाण्याची खिचडी दोघींनी खाल्ली आणि भांडणाची वाचली. ती मला आवडली, हे इथे लिहायला हरकत नाही. त्यातली मुलगी घरात सगळ्यांशी नीट बोलते आणि त्याच्याशीच तेवढी वाकडी. शुक्रवारी खुनाचीत मी खुनी आधीच ओळखला. शनिवारच्या पत्रांचीत अक्का मध्येच म्हणाल्या, "ह्यांनी मला एकच पत्र लिहिलं. भुसावळहून. 'केळी पाठवली आहेत, उतरवून घेणे.'" आणि बराच वेळ हसत राहिल्या. मग डोळे पुसले. दोन्ही.

सोमवारबद्दल त्या सबंध आठवड्यात चकार शब्द बोलल्या नाहीत. निखिल रोज माझ्या तोंडाकडे बघायचा आणि मी 'नाही' म्हणून मान हलवायची.

रविवारी रडकी. आवरण घालताना बघितलं, मुखपृष्ठावर बाई, गालावर थेंब, मागे समुद्र. मी म्हटलं, "अक्का, हीच कशाला आज? उद्या जायचंय. घोड्यांची परत वाचू."

"नाही. हे काय असतं ते तरी कळू दे. एकही जात राहायला नको."

ही त्यांना पाठ नव्हती, म्हणून सगळी वाचली. सकाळी बसलो, जेवायला उठलो, परत बसलो. कोकणातलं खाडीकाठचं गाव. तो बोटीवर नोकरीला जातो, ती रोज संध्याकाळी दारात कंदील लावून ठेवते, म्हणजे त्याला दुरून घर ओळखू यावं. वर्षं जातात. तिला ताप येतो. अक्का पलंगावर मांडी घालून, डाव्या डोळ्यावर हात ठेवून ऐकत होत्या. शेवटचं पान आलं आणि माझी नजर पुढे धावली. तो येतो. दारात कंदील नसतो. ती आदल्या रात्रीच गेलेली असते. खाली 'समाप्त'.

मी थांबले. उद्या या बाईला ऑपरेशनला न्यायचंय आणि आज मी तिला विझलेल्या कंदिलापाशी आणून सोडू? आणि मरणावर पोथी कशी ठेवू?

"वाच की."

"वाचते. ... तो आला. दारात कंदील नव्हता. तो घाबरला. पण आत बघतो तर... आत बघतो तर तिनं कंदील देवापाशी ठेवला होता. तिचा ताप उतरला होता. तिनं डोळे उघडले आणि त्याला ओळखलं. मग दोघांनी नदीवर जाऊन स्नान केलं. देवाला अभिषेक केला. साऱ्या गावाला जेवण घातलं. दाल-बाफले केले. सगळे तृप्त झाले. समाप्त."

बाहेर कुणाच्या तरी स्कूटरचा हॉर्न वाजला.

"उषा."

"हं."

"कोकणात आपले इकडचे तुपात बुडवलेले बाफले?"

मी पुस्तक मिटलं. "लिहिलंय तसं."

"खाडी होती ना? नदी कुठून आली? घाटबीट होता का तिला?"

"लेखकानं लिहिलंय, मी काय करणार?"

"इकडे दे." त्यांनी पुस्तक घेतलं, शेवटचं पान उजव्या डोळ्याशी अगदी नाकाला टेकेपर्यंत नेलं, खिडकीकडे वळवलं, परत जवळ घेतलं. खूप वेळ बघत होत्या. मग पुस्तक मांडीवर ठेवून त्यावर हात ठेवला.

"निखिल," त्यांनी हाक मारली. "सकाळी ऑटो किती वाजता सांगितलायस?"

निखिल दारात उभाच राहिला. "आठ. आई, म्हणजे..."

"हिनं मला फसवलंय. मला पकडायचंय हिला."

सोमवारी ऑटोवाल्यानं आम्हाला बघून सवयीनं विचारलं, "माताजी, महाकाल?" अक्काच म्हणाल्या, "नहीं भैया, आँख के अस्पताल. और धीरे चलाना, अभी एक ही है." आत नेताना त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. मी बाहेर बाकावर जप करत बसले. मध्येच माळ थांबायची आणि मला तो खाडीकाठचा माणूस दिसायचा, दारात उभा. मग मी पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरू करायची. निखिल येरझारा घालत होता. डॉक्टर बाहेर येऊन 'छान झालं' म्हणाले, तेव्हा तो माझ्याच पाया पडला.

पट्टी निघाली, थेंब सुरू झाले. वाचायला मात्र बंदी होती. ते पुस्तक अक्कांनी कुणाला परत करू दिलं नाही, उशाशीच ठेवलं. लायब्ररीतून दोनदा फोन आला. दोन्ही वेळा अक्कांनीच घेतला आणि पलीकडच्याला हिंदीत उत्तर दिलं.

महिन्याभरानं नवा चष्मा आला. त्या दुपारी त्यांनी मला बोलावलं. खिडकीशी बसल्या होत्या, पुस्तक उघडं.

"उषा, ती मेली गं."

"हो."

"आदल्याच रात्री. एक रात्र आधी आला असता तर..." चष्मा काढून त्यांनी पदरानं पुसला. मी वाट बघत होते, आता माझी हजेरी घेतील म्हणून. त्यांनी चष्मा परत लावला आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं.

"आणि हा लेखक इथेच थांबलाय. तूच म्हणतेस ना, मरणावर पोथी ठेवायची नाही?"

"नाहीच ठेवायची."

"मग ठेवू कशी? घे, पुढचं वाच."

पान उलटून त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. पुढचं पान कोरं होतं, कोपऱ्यात लायब्ररीचा शिक्का. मी हात धुऊन आले, चटई घातली, पुस्तक चौरंगावर ठेवलं.

"कुठून वाचू?"

"कंदील देवापाशी होता, तिथून. चालीत वाच," अक्का म्हणाल्या आणि मांडी घालून नीट बसल्या. "आणि बाफल्यांबरोबर या वेळी लाडूही कर. गावजेवण आहे."