गभणे इंजिनिअर पुन्हा कामावर

आंधळगावात तुलारामजी गभण्यांना सगळे ‘इंजिनिअर’च म्हणत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते जबलपूरला तोफांच्या कारखान्यात होते. निवृत्त होऊन गावी आले, तरी हात शिवशिवत. एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई पेटली, आणि रेडिओवरची बातमी संपायच्या आत त्यांनी कोट चढवला.

“या वयात कायले जाता?” पत्नी निर्मलाबाई म्हणाल्या. “तुमाले कोनी बोलावलं का?”

“बोलवाची वाट काहून पाहू? लढाई माह्यासाठी थांबून राहिली का?”

जिल्ह्यातल्या एका लहान कारखान्यात तोफगोळ्यांचे सुटे भाग बनत. मॅनेजरला जाणता माणूस हवाच होता. तयार भाग मापून पास करायचं काम तुलारामजींना लगेच मिळालं.

एक गोष्ट त्यांनी सांगितली नव्हती. वर्षभरापासून डोळ्यांपुढे धुकं येई. मायक्रोमीटरवरच्या रेषा एकमेकींत मिसळत. मग ते भाग बोटांनी चाचपत आणि शिक्का मारत. एवढ्या वर्षांची सवय, बोटं चुकणार नाहीत, अशी स्वतःची समजूत घालत.

एका दुपारी फिटर श्रावण पेटी घेऊन आला. “सायेब, हे बसूनच नाही राहिले. मोठे हायेत. शिक्का तुमचा हाय.”

तुलारामजींनी एक भाग खिडकीशी नेला. रेषा दिसल्याच नाहीत.

“बाकीचे कुठी हायेत?”

“ते तं सकाळच्याच ट्रकनं गेले.”

ते तसेच मॅनेजरकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. फोन झाले, तो ट्रक स्टेशनावर अडवला. “आणि आधीचे?” तुलारामजींनी विचारलं. “ते कधीच पुढे गेले,” मॅनेजर म्हणाले. त्यांनी जीप बोलावून म्हाताऱ्याला घरी पाठवलं.

लढाई जिंकल्याचे पेढे गावात वाटले गेले, तेव्हा तुलारामजी आतल्या खोलीत पडून होते.

“माह्या गोळ्यानं आपल्याच फौजेतला पोरगा मेला असंल तं?” ते म्हणाले. निर्मलाबाई पेढा हातात धरून उभ्याच राहिल्या.

नागपूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, उशीर झाला म्हणाले. पुढे दोन्ही डोळे गेले. सुटीवर कोणी फौजी आल्याचं कळलं, की तुलारामजी काठी टेकत त्याच्या घरी जात. तोफेतच गोळा फुटल्याचं ऐकलं का, म्हणून विचारत. करडी गावचा फौजी तेजराम म्हणाला, “काकाजी, मी तं गाडी चालवत होतो. मले नाही मालूम.”

चौऱ्याऐंशी साली ते गेले. शेवटपर्यंत भेटलेल्या एकाही फौजीला तसं काही मालूम नव्हतं.