सांगलीचा डबेमास्तर

डबेमास्तर मानसाकडं तोंड करून कवा बोलला न्हाई. आमी नऊ वर्सं त्येच्या खोलीत जात हुतो, पर त्येचं तोंड मला नीट आठवत न्हाई. पाठ आठवती. मानंवर एक चामखीळ हुता, त्यो अजून डोळ्यापुढं हाय. त्यो कॉम्पुटरकडं बघत बसायचा आन् शिव्या मागं फेकायचा. मला त्येचा लय राग. मानूस गेला म्हून राग गेला, आसं काय न्हाई.

त्यो मूळचा सातारकडचा. मिलिट्रीच्या बँडात हुता, क्लारनेट वाजवायचा. सुटून आला तवा बायको न्हवती, एक लेक साताऱ्याला दिलेली. ह्येनं सांगलीत खोली घेतली आन् सुटताना मिळालं तेवढं सगळं मुंबईच्या बाजारात घालून आवाजाचं डबं आनलं. दोन किबोर्ड, एकावर एक. खाली चार काळं डबं. बाजूला कॉम्पुटर. ह्या सगळ्यांच्या मागं वायरींचा गुंता, शेळीची आतडी काढून टाकल्यागत. डब्यांत बासरी, तुनतुनं, संबळ, जे म्हनशील त्येचा आवाज. भितींना गोनपाटं ठोकलेली, भाईरचा आवाज आत येऊ नये म्हून. गानं चालू झालं की पंखा बंद. त्या खोलीत त्यो देवादिकांच्या गान्याच्या कॅशेटी करायचा आन् सांगलीतला एक दुकानदार त्या जत्रंजत्रंत इकायचा.

आमी जतकडचं. मी दुसरी शिकले, ती बी अर्धी. पाऊस न्हाई, पानी टँकरचं, ज्वारी आली तर आली. मी देवीची गानी म्हनायची आन् आमचं ह्ये, म्हंजी माजं मालक, ढोलकी वाजवायचं. ह्या जत्रंतनं त्या जत्रंत, त्येच्यावर घर चालायचं. घरात सासू आन् दोन पोरी. नव्वद साल सरल्यावरची गोष्ट. त्या दुकानदारानं माजं गानं ऐकलं आन् आमाला डबेमास्तराकडं धाडलं.

पयल्या दिवशी आमी दारात उभं. ह्यांच्या खांद्यावर ढोलकी.

"ती आत आनायची न्हाई," डबेमास्तर म्हनला. पाठ आमच्याकडं.

"मग वाजवू काय?" ह्यांनी इचारलं.

त्येनं किबोर्डावरची एक पट्टी दाबली. ढोलकी वाजली. हुबेहूब. "ह्ये वाजनार. ह्येला जेवान लागत न्हाई, तंबाखू लागत न्हाई. तुमी भाईर बसा."

ह्ये ढोलकी मांडीवर घिऊन पायरीवर बसलं. दिवसभर. आत ढोलकी वाजत हुती आन् ढोलकीवाला भाईर ऊन खात हुता. मी गात हुते आन् दाराच्या फटीतनं मला ह्यांची चप्पल तेवढी दिसत हुती. त्यो दिवस मी डबेमास्तराला माफ केलेला न्हाई.

पुढं तर कॅशेटी आल्याव जत्रंतल्या लोकांनी आमाला बोलावनंच बंद केलं. कर्णा लावला, कॅशेट घातली, झालं काम. जेवायला घालायची मानसं कमी. म्हंजी माज्याच कॅशेटीनं माज्या मालकाचं काम खाल्लं. ढोलकी डब्यात गेली, ऱ्हायला माजा गळा. त्यो गेला की चूल गेली. एवढं साधं हुतं.

डब्यातली ढोलकी थांबायची न्हाई. ह्यांच्यासंगं गाताना मी देवीचं नाव लांबवलं तर ह्ये हात धरून ठेवायचं, मी परत आले की थाप द्यायचं. डबा आपला सरळ चालायचा. मी मागं ऱ्हायची.

"कुटं चाललीस? ए बाई? मशीन कुनासाठी थांबत न्हाई."

"मग मशीनलाच गायला सांगा की."

"सांगितलं असतं. गळा तेवढा अजून डब्यात येत न्हाई. आला की तुजी बी छुट्टी."

त्येची छुट्टी मिलिट्रीतली. सगळंच मिलिट्रीतलं. गान्यात एक शबूद पुढं-मागं झाला की म्हनायचा, "लाईन में आओ." देवीचं गानं आन् लाईन में आओ. मी मनात म्हनायची, आई, ह्येचं तूच बघ.

एकदा बांगड्यांवरनं जुपली. मी गाताना हात हालवायची, बांगड्या वाजायच्या आन् माईकात यायच्या.

"काढ त्या."

"सवाशीन हाय मी. तुमच्या डब्यासाठी बांगड्या काढू व्हय?"

मागं न बघता त्येनं आपला घाम पुसायचा पंचा माज्याकडं भिरकावला. "मग बांध." त्यो पंचा ओला करून मनगटांना गुंडाळला आन् गायले. त्येच्या घामाचा वास यायचा. सगळी वर्सं मी तसंच गायले.

खंडेनवमीला तर आमचीच चूक झाली. आमच्यात खंडेनवमीला हत्यारं, अवजारं, ढोलकी सगळं पुसून पूजायचं. डबेमास्तर दुकानदाराकडं गेलेला. ह्ये म्हनलं, ज्येच्यावर पोट हाय त्येला हळद-कुकू लावल्याबिगर कसं चालंल? आमी दोघांनी सगळ्या वायरी उपटल्या, डबं ओल्या फडक्यानं पुसलं, हळद-कुकू लावलं, झेंडूची फुलं ठेवली. मग वायरी परत दिसंल त्या भोकात घातल्या. त्यो आला. किबोर्ड दाबला. काय न्हाई. दुसरी पट्टी दाबली तर बासरीच्या जागी संबळ. मला वाटलं आता मारतो.

त्येनं ह्यांना खाली बसवलं आन् सगळ्या वायरी उपटल्या. "आता लाव."

मिडी म्हनत्यात त्या वायरीला. दोन्ही टोकं सारखीच दिसत्यात, पाच-पाच दातांची. पर एका डब्यातनं निघायचं भोक येगळं आन् दुसऱ्यात शिरायचं भोक येगळं. निघायच्यातनं निघायच्यात घातली की डबा मुका. त्येनं निघायच्या टोकाला लाल नाडा बांधला, शिरायच्या टोकाला पांढरा. ह्ये लावायचं, त्यो बघायचा, परत उपटायचा. "फिर से." चार दिवस तेच. मिलिट्रीत शिक्षा म्हून बंदूक खोलून परत जोडाय लावत्यात, तसं. पाचव्या दिवशी ह्यांनी डोळं मिटून जोडलं. त्येच्यापुढं वायरी ह्यांच्याकडं. पायरीवरचा मानूस आत आला, पर ढोलकीवाला म्हून न्हाई, वायरवाला म्हून.

त्या चार दिवसांत त्येनं ह्यांना सांगितलं त्ये ह्यांनी मला घरी सांगितलं. वायरीतनं आवाज जातच न्हाई म्हनं. कुटली पट्टी, किती जोरात, कवा दाबली, कवा सोडली, एवढा निरोपच जातो. कॉम्पुटर त्यो निरोप ध्यानात ठेवतो आन् डबा त्यो ऐकून वाजतो. मी म्हनलं, म्हंजी त्या घरात कुनीच खरं वाजवत न्हाई. ह्ये हासलं. लय दिसांनी हासलं.

मग पाटनकडची एक बाई हुती. गोड गळा, माज्यापरास वरचा. आमच्याआधीपासनं त्येच्याकडं गायची. एक दिवस तिचा वरचा सूर फाटला. परत घेतला, परत फाटला. त्येनं पंखा लावला. म्हनला, "आवाज उतरला तुजा. घरी बस." बाई पिशवी घिऊन उभीच ऱ्हायली, काय तरी अजून बोलंल म्हून. त्येला पाठ फिरवायची बी गरज न्हवती, आधीच फिरलेली. मी कोपऱ्यात बसून ह्ये बघितलं. माजं वय बी चाळीसाच्या पुढं गेलेलं.

तवापासनं मी गळ्याला जपायला लागले. आंबट सोडलं. जेष्ठमध चघळायची. चुलीपुढं तोंडाला पदर बांधून बसायची. घरी गुनगुनताना कवा कवा वरचा सूर खरडायचा. पर त्या खोलीत गेले की गळा बरोबर लागायचा. दर कॅशेटीला आधी भ्यायची आन् गायले की वाटायचं, न्हाई, देवी पाठीशी हाय, अजून पयल्यागत हाय. डबेमास्तराच्या शिव्या बी पयल्यागतच. शबूद खातीस. दम चोरतीस. हितं काय दळन दळाय आलीस का? गळ्याचं नाव मातर कवा काढलं न्हाई.

मग त्येच्या पायाला साखरंची जखम झाली आन् लेक त्येला साताऱ्याला घिऊन गेली. खोली बंद. आमी परत जतला. तवाच एका गावच्या जत्रंतनं निरोप आला, कॅशेटीतली बाई समोर बसून गायला पायजे. ह्यांनी ढोलकीला तेल-पानी केलं. वर्सांनी आमी दोघं एकत्र बसलो. म्होरं मानसं मावंनात.

पेटीवाला म्हनला, "मावशी, पट्टी कुटली?"

"काळी चार," मी म्हनलं. पट्टी म्हंजी गळ्याची उंची; काळी चार ही माजी, लगीन झाल्यापासनं. इचारायचं काय त्यात.

पयलं कडवं कसंबसं गेलं. दुसऱ्यात वर जायचं हुतं, तितं गळा फाटला. मी खाकरले, पानी प्याले, परत घेतलं. परत फाटला. ह्यांनी ढोलकी थांबवली. म्होरनं एक बाप्या म्हनला, "आरं, कॅशेटीत गाती ती येगळी बाई हाय. ही कुनी बी धरून आनली." मानसं हासली. मी हात जोडलं आन् उठले.

परतीच्या एसटीत ह्यांनी ढोलकी मांडीवर घेतली. मग म्हनलं, "तू आता काळी चारला गात न्हाईस. तीन वर्सं झाली. मास्तर दर वर्साला समदं एक पट्टी खाली घ्यायचा. टेप हळू केली तर आवाज खाली येतो, पर गानं बी लंगडतं. पर कॉम्पुटरात नुसता निरोप बदलायचा, मग डबं तेच गानं त्याच चालीनं खाली वाजवत्यात. तुला कळायचं न्हाई. आता पांढरी चारला आलीयास, तीन पट्ट्या खाली."

"तुमाला ठावं हुतं?"

"वायरी माज्याकडंच हुत्या की. मला म्हनला, तिला सांगितलंस तर दाराभाईर काढीन."

मी ह्यांच्याशी आठ दिवस बोलले न्हाई. नवव्या दिवशी एकटीच साताऱ्याची एसटी धरली. मला भांडायचं हुतं.

लेकीनं चा केला. त्यो खाटंवर भितीकडं तोंड करून पडलेला. एक पाय गुडघ्यापासनं न्हाई.

"मला फशिवलंत तुमी," मी म्हनलं.

"व्हय."

"चार मानसांत लाज गेली माजी."

"पेटीवाल्याला काळी चार सांग म्हून मी आलो हुतो का?"

"आवं, सांगायचं तरी. बाकी समदं सांगत हुता. दम चोरतीस, शबूद खातीस. हेच तेवढं तोंडात आडलं?"

त्येनं गोधडी वर वढून घेतली. मला वाटलं झोपला.

"सांगितलं असतं तर भ्याली असतीस," त्यो म्हनला. "भ्यालेला गळा अजून दोन पट्ट्या खाली येतो. पाटनच्या बाईला सांगून बघितलं. तिनं परत तोंडच उघडलं न्हाई. घरी बी न्हाई. तिचा मालक येऊन सांगून गेला." मग म्हनला, "मशीनला खाली यायला लाज वाटत न्हाई. म्हून मशीनला सांगितलं."

मी चा ओतून बशीत घेतला. आभार मानायला मी आले न्हवते आन् मानले बी न्हाईत. ह्यांना पायरीवर बसवलं त्ये त्यात फिटत न्हाई. आन् ती पाटनची बाई बी न्हाई.

"ढोलकीवाला काय करतो?" त्येनं इचारलं. नऊ वर्सांत ह्यांना ढोलकीवाला म्हनलेलं पयल्यांदाच ऐकलं.

"वाजवत्यात."

"त्येच्यासंगं गा मग. आन् पांढरी चार नको. अजून एक खाली घे, आत्ताच. गळ्याला वढू नको. पाच वर्सं टिकशील. जा आता, एसटी चुकंल."

मी गेले. पांढरी तीन धरली. पयल्या जत्रंत लोक म्हनलं, ह्या बाईचा आवाज भारदस्त हाय. ह्ये ढोलकीवर, मी पुढं. देवीचं नाव लांबवलं की ह्ये हात धरून ठेवायचं. दोन्ही पोरींची लग्नं त्याच पट्टीवर उरकली.

मी सात वर्सं टिकले. सातवं सरलं तवा लय मनात आलं, साताऱ्याला जावं आन् म्हनावं, मास्तर, तुमचा अंदाज चुकला. पर त्यो तिसऱ्याच वर्सी गेला हुता.