मुलाण्याची वाट

ओझरच्या पुढे कुकडीकाठच्या एका गावात साळुबाई राहतात. वय सत्तरीच्या पुढचे, शेती कांद्याची आणि थोड्या द्राक्षांची. एकदा नाही म्हटले की त्यांचे हो कुणी ऐकलेले नाही.

लग्न होऊन आल्या तेव्हा सासूने घरची रीत सांगितली होती. बकरे मुलाण्याने, गावच्या मुसलमान बलुतेदारानेच कापायचे. दुसऱ्या कुणी कापले तर ते ‘मुरदाड’, मेल्या ढोरासारखे. ते या घरात शिजायचे नाही. रीत साऱ्या गावाचीच होती. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मुलाणी दारात येईपर्यंत चुली पेटत नसत. सुरी फिरवताना तो पुटपुटतो त्याचा अर्थ एकाही बाईला ठाऊक नव्हता, पण तो पुटपुटला की नाही याकडे सगळ्यांचे कान असत.

गेल्या वर्षी जत्रा आणि ग्रामपंचायतीची निवडणूक एकामागोमाग आली. गावातल्या आदेशने तरुणांचे पॅनेल उभे केले आणि चौकात फलक लावला, की मुलाण्याच्या हातचे यंदा कुणी घ्यायचे नाही. साळुबाईंचा मुलगा कुंडलिक त्याच पॅनेलचा उमेदवार होता. आणि इकडे गोठ्यात नवसाचे बकरे बांधलेले. नात समृद्धी डेंग्यूतून उठली म्हणून साळुबाई ते गावदेवी मुक्ताईला बोलल्या होत्या.

“आई, आदेशची पोरं कापून देत्यात. एवढ्या बारीला चालवून घे,” कुंडलिक म्हणाला.

“देवीला मुरदाड दाखवू व्हय?”

“अगं, तो शब्दच त्यांचा हाय.”

“माझ्या सासूचा हाय.”

टीव्हीवर त्या रोज बातम्या बघत. कुठल्या देशात देवळे फोडणारे, कुठे मशिदी, कुठे चर्च जाळणारे. “टोप्या निराळ्या, वरडणं एकच,” असे म्हणून त्या टीव्ही बंद करत. आता तेच वरडणे चौकात आले होते.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या दगडूभाई मुलाण्याच्या घरी गेल्या. तो उंबऱ्यात बसून होता. अंगावर कामाचे कपडे नव्हते.

“काकी, मला गावात राहायचंय,” तो म्हणाला. “असं करू. सुरी पढून देतो. पदराखाली घेऊन जावा, कुंडलिक कापंल. रीतबी ऱ्हाईल, कुणाला कळायचंबी न्हाई.”

पूर्वी मुलाणी परगावी गेला तर अशी आधीच पुटपुटून पढलेली सुरी चालत असे. साळुबाई क्षणभर घुटमळल्या. मुलाची निवडणूक, देवीचा नवस, सगळेच त्यात निभावत होते.

“यंदा पदराखालनं सुरी नेली,” त्या म्हणाल्या, “तर पुढल्या साली सुरीच येईल. तू यायचा न्हाईस. ऊठ, दगडू.”

“नदीच्या बाजूनं जाऊ मग.”

“चोर हाईस का? चौकातनं चल.”

फलकाखाली आदेश आणि त्याची पोरे उभी होती. एकाने मोबाइल वर धरला.

“आजी, फलक वाचला न्हाई का?” आदेशने विचारले.

“वाचला. तुझ्या जावळाचं बकरं याच्याच बापानं कापलं. तुझा आजा चिमाजी दारात त्याची वाट बघत उभा व्हता.”

“आजा गेला आता.”

“आजी हाय की जिती. सखूबाईला इचार.”

पोरांत कुणीतरी हसले. आदेशचा चेहरा उतरला. “तवाचं येगळं. आता लोक जागं झाल्यात.”

“जागं माणूस शेजाऱ्याला वळखतं. सर बाजूला.”

तो सरला नाही. साळुबाईंनी दगडूभाईचे मनगट धरले आणि आदेशला वळसा घालून त्या पुढे झाल्या. हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

त्या घरी पोचेपर्यंत व्हिडिओ गावभर फिरला होता. अंगणात कुंडलिकचा फोन वाजला. पॅनेलवाल्यांचा होता. बकऱ्यावर पाणी ओतलेले होते; ते अंग झाडून देवीचा कौल देते कधी, याची सगळे वाट बघत होते.

“हो, आलाय दगडूभाई,” कुंडलिक म्हणाला. “बकरं मीच धरतोय. काढा पॅनेलमधनं नाव.”

बकऱ्याने अंग झाडले. दगडूभाई पुटपुटला. चूल पेटली.

पंगतीला निम्मी भावकी आली नाही. वाटलेल्या मसाल्याचा वास गल्लीभर जात राहिला आणि पातेल्यात रस्सा उरला. कुंडलिक अपक्ष लढला आणि पडला. आदेश सरपंच झाला.

यंदाच्या जत्रेला फलक होताच. दुसऱ्या दिवशी सखूबाई मागल्या दाराने आली, आदेशचीच आजी.

“साळू, मला न्हाई जमत पोरांनी कापलेलं मुरदाड चघळायला. दगडूला आणशील का आमच्याकडं?”

“आणते की. पर चौकातनं.”

सखूबाई डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, “मीबी येते संगं.”